वहीत न घेतलेले शब्द

पिरंगुट
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईंना,
रजनीचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही तिघं बरे आहोत. थंडीनं तुमचा गुडघा धरला असेल. तेलाची बाटली सोबत पाठवते आहे. तुमच्या सोमनाथची सध्या पहिली पाळी आहे, त्यामुळे सकाळी सहानंतर घरात मी आणि राजनंदिनी दोघीच.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही 'बरं हाय, ठिवते,' एवढंच म्हणता, आणि तेवढ्यात मला सांगायचं ते सांगून होत नाही. उज्वला वाचून दाखवेल. उज्वला, जाऊबाई म्हणून माझी लाज राखायला जाऊ नकोस. लिहिलंय तसंच वाच, मधलं गाळू नकोस.

नातीचं सांगते. जिन्याचा कठडा धरून ती आता एकटी चढते. वरणभात स्वतःच्या हातानं खाते, निम्मा फरशीवर. डब्यांना झाकणं लावत बसते, आणि एखादं बसलं नाही की डबा आपटते. ते माझ्यावर गेलंय.

बोलत मात्र नाही.

रोज सकाळी मी चित्रांची कार्डं घेऊन तिच्यासमोर बसते. 'हे काय? मांजर. म्हण, मांजर.' ती पंख्याकडे बघते. काल तेच कार्ड मी चौदा वेळा धरलं. चौदाव्या वेळी माझा आवाज चढला. तिनं कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं आणि पालथं ठेवलं. रडलीसुद्धा नाही. लग्नानंतर सोळा वर्षांनी, चाळिशीत झालेलं मूल, आणि मी त्याच्यावर एका मांजरासाठी ओरडले. तारीख घालून लिहून ठेवलंय.

तिचे शब्द लिहायची माझी वही तुम्हाला माहीत आहे. 'पोरीची हजेरी लिवतीया मास्तरीण,' असं म्हणून तुम्ही इथे असताना हसायचात. नोव्हेंबरात ती दोन वर्षांची झाली, तेव्हा बावधनच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, किती शब्द बोलते? मी वही उघडून सांगितलं, अकरा. 'जरा कमी आहेत, तीन महिन्यांनी परत दाखवा,' असं ते म्हणाले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

ती उठली वाटतं. उरलेलं उद्या.

शनिवार, १८

काल 'पुढचं तुम्हाला माहीत आहे' असं लिहून मी सुटका करून घेतली. माहीत नाही तुम्हाला. आज जे झालं ते आधी सांगते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

दुपारी कपडे वाळत घालायला गेले तर चिमटे जागेवर नाहीत. शोधत आत आले. नंदिनीनं सगळे चिमटे फरशीवर ओळीनं लावले होते आणि पलंगाखालून एकेक पुढे सरकवत होती. पुढे पाण्याची वाटी. हातात आमटीची पळी, काठीसारखी धरलेली. मी दाराआड थांबले. तिनं ओठ फडफडवून 'र्र्र्र' केलं, तुम्ही मेंढरं वळवताना करता अगदी तसं. एक काळा चिमटा कपाटापाशी पडला होता. त्याला म्हणाली, 'काळे! तिकडं न्हाई. हितं ये. पानी पी.'

सलग, आत्याबाई. न अडखळता.

मी घाईनं पुढे झाले. माझे पाय दिसले आणि ती गप्प. पळी पाठीमागे लपवली. 'बोल ना बाळा, काय म्हणत होतीस?' म्हटलं, तर तिनं फ्रॉकचं टोक उचलून तोंडाला लावलं आणि नुसती बघत राहिली.

तुम्ही पदर लावायचात, तसं.

पोर बोलते. माझ्यासमोर बोलायचं नसतं, एवढं ती शिकली आहे.

आता लिहिते. 'घरात सगळ्यांनी शुद्ध बोला, नाहीतर पोर गोंधळतं,' असं डॉक्टरांनी म्हटलेलंच नव्हतं. ते म्हणाले होते, 'तिच्याशी भरपूर बोला. घरातल्या सगळ्यांनी.' बावधन ते पिरंगुट एवढ्या वाटेत मी त्यांचं वाक्य बदललं आणि दारात चपला काढता काढता तुम्हाला ऐकवलं. तुम्ही विचारलंत, 'म्हंजी म्या गपच बसू व्हय?' मी भाजी चिरायला घेतली. त्यानंतर आठ दिवस तुम्ही तिला मांडीवर घेऊन नुसती मान हलवत बसलात. ती काही म्हणाली की पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघायचात. मला ते दिसत होतं. नवव्या दिवशी 'मेंढरं हायेत, जाते,' म्हणून पिशवी उचललीत. ह्यांना वाटलं, आईला फ्लॅटात करमत नाही. मी वाटू दिलं.

मघाशी वही पुन्हा काढली. 'न्हाई' म्हणाली त्या दिवशी मी लिहिलंय, 'नाही, उच्चार अस्पष्ट.' 'हितं', 'कुटं', 'लई' तर वहीत नाहीतच. 'र्र्र्र'बद्दल लिहिलंय, 'तोंडानं आवाज काढते.' म्हणजे डॉक्टरांना सांगितलेला अकराचा आकडाही खोटाच. तुमच्याकडून उचललेले धरले तर तेव्हाच पंचवीसच्या वर होते. वही प्रामाणिकपणे लिहिते, असा मला केवढा अभिमान!

असं का केलं, ते थोडक्यातच लिहिते, कारण सबब लांबली की मी स्वतःलाच माफ करायला लागते. पुण्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात एका मुलीला मी विचारलं होतं, 'मी हितं बसू का?' मागचा अख्खा बाक हसला. ते शब्द तोंडातून घालवायला मला दोन वर्षं लागली. माझी आईही जन्मभर मेंढरांमागंच होती, आणि लहानपणी तिच्याशेजारी उभं राहून मलाही ती 'र्र्र्र' करता यायची. आज चिमट्यांपाशी बसून करून पाहिली. नुसती थुंकी उडाली. नंदिनी जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग चिमटे ओच्यात भरून पलंगाखाली गेली. मला बोलावलं नाही.

संध्याकाळी इथवरचं ह्यांना वाचायला दिलं. पानं माझ्या हातात परत दिली आणि जेवायला बसले. हात धुताना म्हणाले, 'पोस्टानं नको. उद्या सुट्टी आहे, मी नेऊन देतो. आई काय म्हणतीय ते माझ्या कानानं ऐकू दे.' मग पोरीला उचलून आत गेले. दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी गेले नाही. गेले असते तर थांबला असता.

तुम्ही परत या, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? एवढंच करा. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी फोन लावीन. लगेच 'ठिवते' म्हणू नका. फोन नंदिनीच्या हातात देईन, गॅलरीत जाऊन उभी राहीन आणि दार ओढून घेईन. तुमच्या बोलीत तुम्हाला जे बोलायचं ते तिच्याशी बोला. माझ्याबद्दलसुद्धा बोला. मी ऐकणार नाही, आणि वहीतही घेणार नाही.

तिनं हाक मारली की आत येईन. ती जशी मारील तशी.

डॉक्टरांच्या तोंडी स्वतःचं बोलणं घालून तुम्हाला गप्प केलेली,
तुमची सून
रजनी