वेलींमधले कांदे

अलाशेहिर, १२ एप्रिल १९९४

चि. नेरमिन हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र तुझी मामी सेहेर लिहून घेतेय. अक्षर सुरेख दिसलं तर तिचं, चुका दिसल्या तर त्याही तिच्याच. तू औषध न मारलेले कांदे मागितलेस, अख्खी वेणी पाठवलीय. अंकाऱ्याला जाऊन एवढं शिकलीस आणि शेवटी कांद्याच्या मुळ्याच बघायच्या, तर इथेच राहायचंस की!

पण त्यांच्यावर आमचं बुरशीचं औषध तपासून उत्तर लवकर दे. सेहेरला तिसरा महिना लागलाय. मागची दोन राहिली नाहीत. गाव म्हणतं, तिच्या कुशीतच खोट. मला संशय त्या औषधाचा. तुझा मामा म्हणतो, आधी पुरावा आण, बुरशीने द्राक्षं खाल्ली तर आपण काय खायचं? तोवर फवारणीला ती त्याच्यामागे नळी धरून जातेच. मी बाळमोजे विणायला घेतलेत.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी साती

अंकारा, ९ मे

ती. आजीस नेरमिनचा सा. न. वि. वि.

अर्धे कांदे साध्या पाण्यावर ठेवले, अर्धे औषधाच्या पाण्यावर. मुळ्या भिंगाखाली पाहिल्या. पेशीतले आनुवंशिक धागे औषधात तुटले. पण साध्या पाण्यातही तुटलेत. आमचे प्राध्यापक म्हणतात, यातून काहीच सिद्ध होत नाही, पुन्हा सुरुवात करा. आजी, हे कांदे लावले होतेस कुठे?

मामी, हे तूच वाचत असशील. कांद्यावरून पोटातलं सांगता येत नाही, तरी निकालाची वाट बघू नकोस. नळी खाली ठेव.

रागावलीस तरी माया कर.
तुझी नेरमिन

अलाशेहिर, २४ मे

चि. नेरमिन हिस आशीर्वाद.

कुठे लावणार? सगळं गाव लावतं तिथेच, द्राक्षांच्या दोन ओळींमध्ये. कांद्यांवर औषध कधी मारलं नाही, वेलींवर मारलं. ते खाली ठिबकतं, हे म्हातारीच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या रोजच्या सूपमध्येही तेच कांदे. डोंगरावर बहिणीकडे द्राक्षं नाहीत. तिथले नवे आणून पाठवतेय.

तुझं पत्र आलं, त्याच्या आदल्याच दिवशी तिसरंही गेलं.

इथे सेहेरची लेखणी थांबलीय. मला अक्षर कळत नाही, थांबलेली लेखणी कळते. लिही म्हटलं पोरी, सगळं लिही. तर मलाच विचारते, खोट कांद्यातही निघाली, मग त्याला कुणी का बोलत नाही? म्हटलं, त्याला सासू नसते ना. हसली थोडी, मग रडली.

आज मामाने नळी एकट्याने उचलली. पुरावा मागितला नाही.

एक मोजा पुरा झालाय. दुसरा विणू की पहिला उसवू, ते नव्या कांद्यांना विचारून कळव.

आमच्यावर जीव असू दे.
तुझी आजी साती