बाकाची डावी जागा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षं छप्पन्न, थंड पेयाच्या कारखान्यातली जुनी तपासणी कामगार, पूर्ण शुद्धीवर असताना, कुणी धाक घातलेला नसताना आणि कुणी गोड बोलून गुंडाळलेलं नसताना, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवते. याआधी असा कागद मी केलेला नाही. कुणी दाखवलाच तर तो खोटा समजावा, आणि दाखवणाऱ्याचं तोंड नीट बघून ठेवावं.

वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. त्यात घर होतं, दागिने होते, वारस होते. मी कुठे सापडले नाही. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षर जसं आहे तसं आहे. कायद्याचे शब्द वकीलबाईंनी घालून दिले, बाकीचे माझे. काही ठिकाणी त्या म्हणाल्या, हे लिहायची गरज नाही. तिथेच मी जास्त लिहिलं आहे.

पुढच्या आठवड्यात माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरलेली नाही, मला घाई आहे. माझ्यामागे एक माणूस राहतं आहे आणि त्याची सोय लागल्याशिवाय मला त्या टेबलावर आडवं व्हायचं नाही. ते माणूस म्हणजे माझी थोरली नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते, या कागदातही तेच म्हणणार.

कलम पहिले : घर

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं न्हाणीघर, असं हे घर मी आणि माझे कैलासवासी पती यांनी आमच्या कमाईतून माझ्या नावावर घेतलं. ते वडिलोपार्जित नाही. म्हणून माझे धाकटे दीर यांचा त्यात हिस्सा नाही, कधी नव्हता, आणि दर रविवारी येऊन भिंतीला टेकून बसल्याने तो तयार होत नाही.

या घरात हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क मी वन्संना देते. त्यांच्यानंतर घर माझ्या मुलीचं. तोवर ते विकता, गहाण टाकता किंवा भाड्याने देता येणार नाही. मुलीलासुद्धा नाही. तिला हे मी तोंडावर सांगितलं आहे आणि तिला ते मान्य आहे. जावयांना मान्य आहे की नाही ते विचारलेलं नाही.

हे इतकं घट्ट का बांधलं, तेही लिहिते. माझी गाठ निघाल्याचं कळलं तसे भावजी सफरचंदांची पिशवी घेऊन आले. तब्येतीची चौकशी केली, मग घराच्या कागदांची केली. मग म्हणाले, "वहिनी, ताईला एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवू. तिला काय, इथलं आणि तिथलं सारखंच दिसणार."

वन्सं तिथेच बाकावर होत्या. त्यांचा डावा डोळा नाही आणि उजव्यावर पडदा येत चालला आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "दिसत नसेल रे. ऐकू येतं."

भावजींनी सफरचंदं ठेवली आणि गेले. सफरचंदं पिठूळ निघाली.

कलम दुसरे : बाक

माझ्या मालकीची सगळ्यात मोलाची वस्तू घर नसून बाक आहे. हे वकीलबाईंना पटायला वेळ लागला.

बाक सागवानी, पाठ नसलेला, दोन माणसांचा. बसून बसून त्याला दोन खळगे पडले आहेत. डावा वन्संचा, उजवा माझा. कारखान्यात तपासणीच्या जागी हा होता. समोर दिव्याची पांढरी काच आणि काचेपुढून भरलेल्या बाटल्यांची रांग सरकत जायची. कुणात माशी, कुणात काडी, कुणाचं तोंड फुटकं, कुणी अर्धवट भरलेली. तेवढी उचलून बाजूला करायची. हे काम एकीचं नाही, जोडीचं आहे. कारण डोळा थोड्या वेळाने मरतो. उघडा असतो, बाटलीवर असतो, पण बघत नाही. म्हणून एकीने बघायचं आणि दुसरीने डोळे मिटून बसायचं. बोलायचं नाही. पाळी संपली की बघणारीने डोळे मिटलेलीच्या गुडघ्यावर थाप मारायची, की तिने डोळे उघडायचे.

मी लग्न होऊन आले ती वन्संच्या शब्दाने कारखान्यात लागले, आणि त्यांच्याच जोडीला बसले. घरात आमचं पटत नव्हतं. त्यांना माझं फटकळ तोंड आवडायचं नाही आणि मला त्यांनी भांडी पुन्हा घासून ठेवलेली आवडायची नाहीत. आठवडेच्या आठवडे अबोला चालायचा. पती बिचारे दोन्हीकडचे निरोप पोहोचवायचे, एकाच खोलीत. पण बाकावर थाप कधी चुकली नाही. भांडण कितीही पेटलेलं असो, माझे डोळे दमायच्या आधी वन्सं स्वतःहून पाळी मागून घ्यायच्या.

बाटली फुटली तर काच अडावी म्हणून बाटल्या आणि आमच्या तोंडांमध्ये तारेची जाळी होती. सुपरवायझरसाहेबांनी ती काढायला लावली. जाळीतून बाटली नीट दिसत नाही, रांग हळू चालवावी लागते, म्हणाले. दिवस उन्हाळ्याचे होते. वन्संची पाळी होती, माझे डोळे मिटलेले होते. बाटली फुटल्याचा आवाज झाला. त्या दिवशी मी डोळे उघडले ते थाप न पडताच.

कंपनीने चौकशी केली. जाळी कुणी काढली म्हणून आम्ही दोघींनी सांगितलं, पण आमची साक्ष धरली नाही. एकीला दिसत नव्हतं आणि दुसरीचे डोळे मिटलेले होते, म्हणून. कागदावर 'कामगाराची बेपर्वाई' असं आलं. सुपरवायझरसाहेब अजून आहेत, बाजारात भेटतात, वन्संची चौकशी करतात. वन्संनी त्यांना माफ केलं आहे, तो त्यांचा मामला. मी केलेलं नाही, आणि मेल्यावर करीन असंही कुणी समजू नये.

पुढे तपासणीला कॅमेऱ्याचं यंत्र आलं आणि आम्हाला घरी बसवलं. बाक भंगारात निघाला. पती कंपनीचीच गाडी चालवायचे. त्यांनी भंगारवाल्याच्या हातापाया पडून बाक आणि ती जाळी गाडीत घातली आणि घरी आणली. मी चिडले, ठेवायचा कुठे म्हणून. वन्संनी हाताने चाचपून आपला खळगा शोधला आणि बसल्या. तेव्हापासून बाक खिडकीखाली आहे. मी उजवीकडे बसते. त्यांचा डावा डोळा गेला म्हणून बरं, उजवा गेला असता तर त्यांना मी दिसलेच नसते.

आता कंपनीचं. जुन्या कारखान्याच्या इमारतीत कंपनी 'वारसा दालन' उभारते आहे. त्यासाठी जुन्या कामगारांकडून वस्तू गोळा करणारी एक मुलगी आमच्याकडे येते. घरात आम्ही तिला वारसावाली म्हणतो. पोर गुणी आहे, चपला बाहेर काढते, वन्संशी आधी बोलते. तिला बाक हवा आहे. त्यावर पाटी लागणार, 'हजारो हातांच्या मायेतून'. मी म्हटलं, हात नव्हते लागत, डोळे लागत होते.

तर बाक मी कंपनीला देते, तो असा. वन्सं जिवंत असेपर्यंत तो खिडकीखालून हलणार नाही. रंग देण्यासाठी नाही, फोटोसाठी नाही, उद्घाटनाला दोन दिवस म्हणूनही नाही. त्यांच्यानंतर बाक आणि जाळी दोन्ही बरोबर न्यायची, जाळी बाकासमोर टांगायची, आणि पाटीवर माझे शब्द घालायचे : 'इथे नणंद-भावजय पाळीने बघत बसत. जाळी काढली होती तेव्हा नणंदेचा डोळा इथे गेला.' अक्षरं कंपनीच्या नावाएवढी.

वारसावालीने वरती विचारलं. वरून आलं की डोळ्याचं वाक्य बसणार नाही, 'सुरक्षिततेच्या दिशेने कंपनीचा प्रवास' असं घालता येईल. मी म्हटलं, प्रवास कसला, बसल्या जागी गेला. पोरीने वही मिटली. मग म्हणाली, "मावशी, मी पुन्हा विचारते." तिने विचारावं. जमलं नाही तर बाक सरकारी दवाखान्याच्या डोळ्यांच्या विभागात द्यावा. तिथे रांगेत माणसं उभी असतात.

कलम तिसरे : बाटल्या, पाटी, खोकी

बाटल्यांचा संच, जुन्यात जुन्या कागदी लेबलापासून छापील रंगापर्यंत, कंपनीला बिनशर्त. बाटल्यांनी कुणाचं काही वाईट केलं नाही. एकीने केलं, ती या संचात नाही.

पेयाची पत्र्याची मोठी जाहिरात-पाटी कंपनीला हवी आहे. ती सध्या न्हाणीघरावर आहे. आधी नवा पत्रा बसवावा, मग पाटी न्यावी. उलट क्रमाने केल्यास देणगी रद्द.

लाकडी खोकी मुलीला. ती त्यांनाच धरून उभी राहायला शिकली आणि पुढे त्यांच्यावरच तिची पुस्तकं होती. पतींच्या किल्ल्यांना अडकवलेलं पितळी ओपनरही तिलाच. ते गाडीवर असतानाच वारले, तेव्हा ओपनर त्यांच्या खिशात होतं.

कलम चौथे : घड्याळ

डोळा गेल्यावर कंपनीने वन्संना भिंतीवरचं घड्याळ दिलं, पेयाचं नाव असलेलं. समारंभ केला, टाळ्या झाल्या. ते आणलं त्या दिवशी भावजी म्हणाले होते, "चला, घड्याळ तरी मिळालं." म्हणून ते घड्याळ भावजींना. वारसावालीने मागितलं तरी द्यायचं नाही. ते बंद आहे. दुसरं काहीही भावजींना नाही, आणि हे विसरून राहिलेलं नसून विचार करून लिहिलेलं आहे.

कलम पाचवे : बँकेतली रक्कम

माझ्या खात्यात जे असेल त्यातला पहिला खर्च वन्संच्या उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा. माझे दिवस, जेवणावळ, फोटोला हार, हे सगळं नंतर, उरलं तर.

त्याचं असं झालं. कंपनीने वस्तीत मोफत डोळे तपासणी ठेवली होती, समाज-भागीदारी म्हणून. मांडव, गार बाटल्या, बॅनर. मी वन्संना घेऊन गेले. तरुण डॉक्टरांनी विचारलं, आजी, डावा कशाने गेला? वन्संनी बॅनरकडे बोट केलं. डॉक्टरांना वाटलं, त्यांना बॅनर वाचता येतो आहे. त्यांनी नजर बरी आहे म्हणून लिहूनही टाकलं. मी ते खोडायला लावलं. मग त्यांनी नीट पाहिलं आणि सांगितलं, पडदा निघण्यासारखा आहे, उशीर करू नका. बोलवलं कंपनीने, हेही लिहून ठेवते. खोटं नको.

वन्सं तयार नाहीत. वीस वेळा सांगून झालं. त्यांचं एकच, "तू नसलीस तर मी बघायचं काय?"

हे कलम मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हाही तेच म्हणाल्या. मी म्हटलं, "माझा खळगा रिकामा आहे, की त्यात भावजी बसलेत, ते बघायचं. मी उठले तर पाळी तुमची."

त्यांनी आपल्या खळग्याच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "माझी पाळी मी कधी टाळली?"

"नाही."

"मग लिही."

लिहिलं. शस्त्रक्रियेनंतर उरेल ते वन्संच्या औषधपाण्याला, त्यातून उरेल ते मुलीला.

कलम सहावे : अंमलबजावणी

हे सगळं पार पाडण्याचं काम माझ्या मुलीकडे. वन्संची भांडी तिने घासू नयेत, त्या पुन्हा घासतात. संध्याकाळी बाकावर उजवीकडे कुणीतरी बसावं. बोललं पाहिजे असं नाही.

आज साक्षीला दोन माणसं बोलावली आहेत. वन्संना साक्ष करायची होती, अंगठाही पुढे केला. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही. वन्सं म्हणाल्या, "म्हणजे माझं बघणं याही वेळेला धरायचं नाही?" वकीलबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्या ओशाळल्या. त्यांचा दोष नाही. कायदा आहे.

वरचं सगळं मी वाचलं, समजलं, आणि ते माझ्या मनासारखं आहे. आता सही करते. वन्सं डावीकडे डोळे मिटून बसल्या आहेत. सही झाली की त्यांच्या गुडघ्यावर थाप मारणार आहे.

सही : (केली)

साक्षीदार पहिले : शेजारचे शिंपीकाका. सही करताना या बाई शुद्धीवर होत्या व भरपूर बोलत होत्या.

साक्षीदार दुसरे : कारखान्यातले जुने फिटर, ज्यांना सगळे बूच म्हणतात. माझ्यासमोर सही झाली.

ठिकाण : राहतं घर, खिडकीखाली.

दिनांक : शस्त्रक्रियेच्या आधीचा सोमवार. आकडा वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.

सह्यांनंतरची ही ओळ कायद्याने धरू नये, नुसती राहू द्यावी : थाप मारली. वन्संनी डोळे उघडले. त्यांनी सगळं पाहिलं.