ऐकणाऱ्याचे स्टूल

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा गिटारी विकणे व दुरुस्त करणे, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, असे लिहून ठेवतो की हे माझे पहिले मृत्युपत्र आहे आणि दुसरे करण्याचा विचार नाही. ते मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहिलेले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे असा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तसाच दाखला मी आमच्या ताईकडे मागितला होता. ती म्हणाली, "एवढं खोटं माझ्याकडून लिहून घेऊ नकोस." डॉक्टरांचा दाखला कायद्याला पुरतो.

हे आताच का लिहितो, तर डॉक्टरांनी डोक्याबरोबर कानही तपासले. डावा कान वरचे सूर सोडून देऊ लागला आहे आणि उजवा त्याच्या मागोमाग निघाला आहे. हात चालतात, जीभ तर चालतेच. पण आमच्या धंद्यात कान गेला की माणूस दुकानात नुसता शोभेला उरतो. म्हणून जे सांगायचे ते वेळेवर सांगतो.

कलम १. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि आतले सगळे सामान माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला. बँकेत जे असेल तेही तिचेच. नाहीतरी घराची मालकीण तीच होती, कागदावर नाव तेवढे माझे. मी लग्न केले नाही, तिचे यजमान लवकर गेले, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांना सांभाळले आणि सांभाळता सांभाळता टोचूनही घेतले. माझ्या खोलीतल्या गिटारीच्या पेट्या हलवून तिथे शिवणयंत्र ठेवायचे तिने ठरवले आहे. त्यासाठी ती माझ्यादेखत टेप घेऊन भिंत मोजते. माझी हरकत नाही. यंत्र खिडकीजवळ ठेवावे, तिथे उजेड चांगला येतो.

कलम २. खालचे दुकान, त्यातल्या विक्रीच्या सर्व गिटारी आणि दारावरची पाटी माझ्या पुतणीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला. धाकटा आणि मी एकमेकांशी बोलत नाही, त्याचे कारण पुढे येईल. पुतणी शाळेत संगीत शिकवते. शनिवारी दुपारी ती तारा घ्यायच्या निमित्ताने येऊ लागली. पुढे निमित्त सुटले, येणे राहिले. तिचा बाप तिला स्कूटरवरून कोपऱ्यापर्यंत सोडतो आणि तिथेच थांबतो. दुकानाची पायरी तो चढत नाही. हट्टाच्या बाबतीत आम्ही दोघे भाऊ एकाच झाडाचे लाकूड आहोत.

दुकान तिने विकावे की चालवावे ही तिची मर्जी. पण चालवायचे तर आमच्या पद्धतीने चालवावे. ती पद्धत इथे लिहून ठेवतो, कारण माझ्यानंतर ती नीट सांगणारा एकच माणूस उरेल, आणि तो सांगेल याची खात्री नाही.

गिटार एकट्याने निवडता येत नाही. तिचा आवाज पुढे जातो, समोरच्याकडे. वाजवणारा तिच्या मागे असतो, त्याच्या वाट्याला खरा आवाज अर्धामुर्धाच येतो. म्हणून आमच्या दुकानात दोन स्टुले असत, एक वाजवणाऱ्याचे आणि एक ऐकणाऱ्याचे. ऐकणाऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्याच्या मागे आपण तीन गिटारी एकामागून एक वाजवायच्या. तेच सूर, तारेवर त्याच जागी, त्याच अंगठ्याने, आधी हळू आणि मग जोरात. कोणती कुठली हे सांगायचे नाही, नुसते पहिली, दुसरी, तिसरी म्हणायचे. डोळ्यांसमोर गिटार असली की माणूस तिची चकाकी ऐकतो, किंमत ऐकतो, वर लिहिलेले नाव ऐकतो. भिंतीकडे तोंड केले की गिटार ऐकतो.

तिन्हींच्या तारा सारख्याच ताज्या हव्यात, नाहीतर आपण तारांची तुलना करत बसतो. जोराच्या आवाजाला भुलू नये. मोठ्याने बोलणारा शहाणा असतोच असे नाही, हे आमच्या घरात लहानपणीच कळले होते. सूर निघताना सगळेच ऐकतात, आपण तो विझताना ऐकावा. सुमार गिटारीचा सूर तुटतो, चांगलीचा विरत जातो. सहाही तारा एकदम छेडल्या की त्यातला एकेक सूर वेगळा ऐकू येतो की नुसता गलका होतो, तेही पाहावे.

गिऱ्हाईक "छान आहे" म्हणाले तर तो त्याचा चांगुलपणा समजावा. "गोड आहे" म्हणाले तर आणखी एक फेरी करावी. पण ज्या गिटारीला ते "पुन्हा एकदा" म्हणते, ती त्याची. ते शब्द माणूस ठरवून बोलत नाही, तोंडून निघून जातात. त्यानंतर आपण एक अक्षर बोलायचे नाही, गिटार पेटीत ठेवून हातात द्यायची. हा नियम धाकट्याने घातला होता आणि तो एकदाही चुकला नाही. हे त्याच्याविषयी बरे लिहिले आहे, याची नोंद घ्यावी.

कलम ३. कानशी, छिन्न्या, सरसाचे भांडे, फळ्या आवळायचे शिकंजे आणि सूर जुळवायचा माझा सूरकाटा हे सगळे पुतणीला. बारकी कानस ताई भाजीच्या सुरीला धार लावायला नेते. ती आधी ताईकडून परत मिळवावी. वाजवणाऱ्याचे स्टूलही पुतणीला. ऐकणाऱ्याचे स्टूल मी कोणाला देऊ शकत नाही, कारण ते धाकटा उचलून घेऊन गेला आहे, आणि जी वस्तू आपली नाही ती मृत्युपत्रात देता येत नाही. तेव्हापासून आमची गिऱ्हाइके उपड्या खोक्यावर बसून ऐकतात. खोके करकरते.

कलम ४. रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या मालकांना, ज्यांना आम्ही घरात 'चकचकीत' म्हणतो, माझ्या टेबलाच्या खणातला वापरून गंजलेल्या तारांचा एक संच. सर्वांत सुमार गिटारीला कोऱ्या तारा चढवून ती चांगल्या गिटारीशेजारी वाजवून दाखवायची, ही त्यांची जुनी हातचलाखी. कोऱ्या तारांनी फळकूटसुद्धा दोन आठवडे खणखणते. त्यांनी हा संच आपल्या सर्वांत महाग गिटारीला लावून, दार बंद करून एकदा ऐकावे. याउपर माझा त्यांच्यावर राग नाही. माणूस गप्पांना बरा आहे.

कलम ५. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीची लिहिली.

माझ्या खोलीत बिछान्याशेजारी एक गिटार आहे, तिला घरात 'मुकी' म्हणतात. ती एका म्हाताऱ्या कारागिराने आपल्या घरी बनवून आमच्या दुकानात आणली होती. समोरची फळी, पाठ, कडा, सगळे अख्ख्या लाकडाचे. प्लायवूडची गिटार पहिल्या दिवशी जशी बोलते तशीच शेवटपर्यंत बोलते. अख्ख्या लाकडाची वाजवता वाजवता खुलते. काही खुलतात, काही जन्मभर बंदच राहतात, आणि कोणती खुलेल हे आधी सांगता येत नाही.

त्या दिवशी मी वाजवत होतो आणि धाकटा भिंतीकडे तोंड करून बसला होता. तेव्हा आमच्या दोघांत मिळून एक दुकानदार होता, मी हात आणि तो कान. गिटार ऐकून तो म्हणाला, "मुकी आहे, दादा. परत दे."

मी म्हणालो, "खुलेल. वाजवायला हवी."

"किती दिवस?"

"खुलेपर्यंत."

"लाकडात काही नाहीये. जे काय आहे ते तुझ्या हट्टात आहे."

"आणि तुला दम नाही."

एरवी हे इथेच थांबले असते. पण गिटार घ्यायला आलेल्या एक शिक्षिका तिथे उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "मग तुमच्यापैकी कोणाचं खरं मानायचं?" आम्ही दोघेही एकदम म्हणालो, "माझं." बाई आल्या पावली निघून गेल्या आणि शब्दाने शब्द वाढत गेला. लहानपणीच्या फाटक्या पतंगापर्यंत गेला. शेवटी धाकट्याने स्टूल काखेत मारले आणि तो गेला. पुढे त्याने पियानो जुळवायचे काम धरले, त्यात एकट्याचे कान पुरतात. ताईने दोघांचीही बाजू घेतली, म्हणून दोघांनीही तिला फितूर ठरवले.

तेव्हापासून मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मुकी वाजवतो. ताप असला तरी वाजवतो. ती खुलली का, हे मला माहीत नाही. रोज पाहणाऱ्याला पोर वाढलेले कळत नाही तसे हे आहे. शिवाय मी तिच्या मागे बसणारा, आणि आता तर कानही चालले. खरे सांगू शकेल असा माणूस एकच, ज्याने तिला त्या दिवसानंतर ऐकलेले नाही.

त्याला जिवंतपणी का बोलावत नाही, असे ताई विचारते. माझा हात तो झोपेतही ओळखेल, म्हणून मी वाजवून उपयोग नाही. दुसऱ्याने वाजवली तरी मी समोर असणार. माझे पिकलेले डोके पाहून, कानांचे ऐकून, तो "खुलली हो दादा" म्हणेल. त्याने माझ्यावर दया केली तर मला चालेल, पण या एका प्रश्नात नको.

सबब, माझ्या पश्चात ताईने त्याला दुकानात बोलवावे. ताईच्या शब्दाला तो येईल. त्याला भिंतीकडे तोंड करून बसवावे आणि पुतणीने मुकीसह तीन गिटारी वाजवाव्यात, तिन्हींना कोऱ्या तारा लावून. मुकीला तो "पुन्हा एकदा" म्हणाला तर ती त्याची. न म्हणाला तर ती दुकानात सर्वांत खालच्या खिळ्याला टांगावी आणि मी हरलो असे समजावे. त्याला चिडवू देण्यास माझी हरकत नाही. उत्तर ऐकायला मी नसेन याचे मला वाईट वाटते. ऐकायला मिळावे अशी फार इच्छा होती.

कलम ६. माझ्यासाठी जमणाऱ्यांनी भाषण करू नये आणि कोणीही गिटार वाजवू नये. रडक्या हाताने तार जुळत नाही आणि ते ऐकत पडून राहणे मला जड जाईल.

सहीपूर्वीची जोड. वरील मजकूर लिहून झाल्यावर शनिवारी पुतणीला कलम पाचचा सराव द्यावा म्हणून मी तिन्ही गिटारींना कोऱ्या तारा चढवून ठेवल्या. साक्षीला शेजारचे शिंपीदादा येऊन बसले होते. पुतणीने वाजवणाऱ्याचे स्टूल घेतले आणि मी तिचा हात कसा पडतो ते ऐकायला खोक्यावर भिंतीकडे तोंड करून बसलो. तिला सांगितले, कोणती कधी ते मलाही सांगू नकोस.

तिने पहिली वाजवली. मग दुसरी वाजवली. तिचा सूर विरत गेला आणि ती तिसरी उचलणार एवढ्यात मागून आवाज आला, "दुसरी... पुन्हा एकदा."

मला वाटले शिंपीदादाच बोलले. दुकानाचा नियम म्हणून मी मागे वळलो नाही. पुतणीने दुसरी पुन्हा वाजवली, हळू आणि मग जोरात.

नंतर कळले ते असे. कोपऱ्यावर रस्ता खणलेला होता आणि धाकट्याचा गुडघा धरला होता, म्हणून त्याने स्कूटर आमच्या दाराशी लावली आणि रस्त्याकडे तोंड करून तो पायरीवर टेकला. पायरी चढला नाही, टेकला. यात त्याचे तत्त्व मोडत नाही. मी आत काय करतो आहे हे त्याला माहीत नव्हते. पुतणीला हे सुचले होते की आपसूक घडले, ते मी विचारलेले नाही आणि कोणी विचारू नये.

मग तो आत आला. मला ते त्याच्या बुटांच्या आवाजावरून कळले, तो लहानपणापासून टाचा घासत चालतो.

"कुठली ही?" त्याने विचारले.

"मुकी," पुतणी म्हणाली.

मग त्याने गिटार हातात घेऊन उलटीपालटी केल्याचा आवाज आला. "वेळ घेतला हिने," तो म्हणाला.

"घेणारच होती," मी म्हणालो. मला रडू येत होते, पण समोर भिंत होती म्हणून निभावले.

त्यानंतर दुकानाच्या नियमाप्रमाणे मी एक अक्षर बोललो नाही. उठलो, मुकी पेटीत ठेवली आणि पेटी त्याच्या हातात दिली. सबब कलम ५ रद्द समजावे, कारण जी वस्तू आपली नाही ती मृत्युपत्रात देता येत नाही. बाकीची कलमे कायम. कलम ३ मध्ये मात्र एक दुरुस्ती लागेल. पेटी घेऊन पायरी उतरताना धाकटा थांबला आणि म्हणाला, "दादा, स्टूल घरी आहे. उद्या आणतो."

वरील सर्व मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून पाहिला आणि तो मला मान्य आहे.

लिहून देणार: (सही) दुकानदार

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली. सही करताना ते शुद्धीवर होते आणि गुणगुणत होते.

साक्षीदार १: (सही) शेजारचे शिंपी. पायरीवर कोण बसले आहे हे मी पाहिले होते, पण मला कोणी विचारले नाही.

साक्षीदार २: (सही) डॉक्टर. कानांविषयीचे माझे मत कायम आहे.

ठिकाण: दुकान, भिंतीसमोर.
दिनांक: त्या शनिवारनंतरचा रविवार, स्टूल आल्यावर.