उशिरा पडलेलं फूल

चि. गोदूस,

आशीर्वाद. तुझे गुडघे वाकत असतील अशी आशा. माझे वाकतात, पण रघूपुढे नाही.

पाठच्या बहिणीला नाही सांगायचं तर कुणाला? माझ्या रघुनंदनने के. आर. पुरमला सोळाव्या मजल्यावर घर घेतलंय आणि मला चिकपेटेतल्या जुन्या घरातून उपटून तिथे लावायचं ठरवलंय (मी काय तुळस आहे?). मी म्हटलं, देवीला विचारू. मंगळवारी देवळात गेलो. आपल्या रीतीप्रमाणे पुजाऱ्याने ओलं फूल देवीच्या कपाळाला चिकटवलं. उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे तर नाही. मी विचारलं, "अंबे, चिकपेटेतच राहू ना?" फूल ढिम्म. मागे ही रांग, पुजारी कृष्णमूर्तीला घाई. "अज्जी, स्वल्प सरका, देवी आज बोलत नाही." तेवढ्यात आमचे चिरंजीव पुढे घुसले आणि त्याच फुलापुढे हात जोडून म्हणाले, "आईला के. आर. पुरमला नेऊ?" तोंड मिटायच्या आत फूल उजवीकडे! झालं. घरी येऊन सामान बांधायला घेतलं. अरे मेल्या, फूल माझं, प्रश्न माझा. देवीने जरा विचार केला तर उत्तर तुझं कसं?

नात आश्लेषा पीण्या भागातल्या एका कारखान्यात यंत्राच्या भागांशी बोलणारे प्रोग्रॅम लिहिते (ड्रायव्हर म्हणतात त्यांना). ती ऐकून हसत सुटली. म्हणे, अज्जी, आमचाही हाच घोळ. ड्रायव्हर एका भागाला विचारतो, ताप किती? ठरल्या वेळात उत्तर नाही आलं की नाद सोडून पुढचं विचारतो, तेल किती? तेवढ्यात मघाचं उत्तर हाक मारत येतं (त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात), आणि ते गाढव तापाचा आकडा तेलाच्या नावावर लिहून मोकळं. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, म्हणजे फूल माझंच! तर बाईसाहेब म्हणतात, नाही, वेळ संपल्यावर आलेलं उत्तर कुणाचंच नाही. ते टाकायचं, जुना प्रश्न मागे घ्यायचा, जागा पुसायची, मगच नवीन विचारायचं. देवीचं फूल टाकायचं? एवढं शिकवलं ते देवीचं उत्तर परत पाठवायला? पण रघूने तिचं ऐकलं आणि सामानाच्या दोऱ्या सोडल्या. येत्या मंगळवारी कोरं फूल, एकच प्रश्न, आणि तो माझा.

तुझी अक्का,
भागीरथी

ता. क. सोमवारीच हुबळीहून निघ. फूल पडेपर्यंत रघूचं तोंड बंद ठेवायला कुणीतरी हवं, आणि त्याच्या तोंडाला पुरी पडशील अशी तूच.

आणखी ता. क. घड्याळ घालून ये. वेळ कधी संपली ते तू सांगायचंस, असं मी आश्लेषाकडून कबूल करून घेतलंय. फूल उजवीकडे पडलं तर वेळेत पडलं. डावीकडे पडलं तर वेळ आधीच संपली होती.