वाकड्या हत्यारांची वाटणी

आधी विचारपूस, मग वाटणी. चिरंजीव, कंबर कशी आहे? सूनबाई, भुवईवरचे टाके सुकले ना? खाज सुटली तरी नख लावू नकोस. धाकट्या भावाचा खोकला अजून तसाच, असं कळतं. सौभाग्यवतीला गुडघ्यांचं रोज विचारतो, रोज एकच उत्तर, "आहेत जागेवर."

मी, खाली सही करणारा, मीटर-दुरुस्तीतून निवृत्त झालेला कारागीर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो की माझ्या माघारी असं व्हावं:

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव सौभाग्यवतीची. माझ्या खिशांतला भुसा झाडण्यात तिचा जन्म गेला, त्या मानाने हे कमीच.

२. मोटारसायकल चिरंजीवांना. सकाळी लवकर जागी होत नाही, दोघांचं जमेल.

३. अंगणातली खोली, लाकूड गरगर फिरवणारा लेथ आणि ते आतून पोखरायची माझी वाकडी हत्यारं सूनबाईची, एकटीची. तिच्या परवानगीशिवाय तिथे गाडी लावू नये.

कारण लिहितो. बाजारातली हत्यारं माझ्या छोट्या लाकडी डब्यांच्या तोंडातून आत जाईनात, म्हणून मी जुने स्क्रूड्रायव्हर लाल तापवून वाकवू लागलो. सूनबाई सुट्टीला आली, चहा द्यायला खोलीत डोकावली आणि तिथेच रमली. बोल्ट आवळायची एलन चावी तापवून, वाकवून तिने स्वतःचं हत्यार केलं, पाण्यात विझवलं आणि लगेच चालवलं. टोक डबीच्या आत मोडलं.

"बाबा, काचेसारखं तुटलं हो!"

"विझवल्यावर परत मंद तापवायचं असतं गं. फार कडक राहिलं की तुटतं."

"मग तुमच्या मुलालाही जरा तापवून बघू का?"

हसू आवरेना म्हणून लेथ बंद करावा लागला. तिचं दुसरं हत्यार माझ्याहून सरस झालं, हे इथे नोंदवून ठेवतो.

४. धाकट्या भावाने खोलीत पाऊल ठेवू नये. चहा बाहेर द्यावा. मी बाहेरगावी असताना त्याने प्रेमापोटी सगळ्या हत्यारांना चाकूसारखी धार लावली. ही हत्यारं लाकूड खरवडतात, त्यांना जाडच धार लागते. पातळ धार लाकडात रुतली, डबी फुटली, तुकडा सूनबाईच्या भुवईवर बसला. राग नाही. पण कानस त्याच्या हाती देऊ नये.

५. त्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "बाबा, एका डबीसाठी डोळा घालवायचा का?" प्रश्न रास्त आहे. चेहरा झाकणारं पारदर्शक कवच आणून ठेवलंय, सगळ्या धारा परत जाड केल्यात. पुढे चिरंजीवांनी फोनवर कळवलं, "ती आता लेथला हात लावणार नाही." हे मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही.

६. सूनबाई, नको असेल तर तसं सांग. लेथ दुसऱ्या कुणा पोखरणाऱ्याला देईन, गाडी लागू दे खोलीत, मन खट्टू करणार नाही. हवा असेल तर तो तुझ्या कोपराच्या उंचीला आणायचाय, आणि खालचे ठोकळे मला एकट्याला हलत नाहीत. रविवारी या दोन साक्षीदारांना कामाला लावावं लागेल. तेव्हा उत्तर लवकर पाठव, आणि तुझ्या हाताने लिहून पाठव.

साक्षीदार (यांना वाटणीत काही नाही, चहा पाजला आहे):
१. शेजारचे किल्लीवाले (सही)
२. कोपऱ्यावरचे शिंपी (सही)

लिहून देणार: सूनबाईचे सासरे (सही)
स्थळ: लेथची खोली
तारीख: १४ नोव्हेंबर, शुक्रवार