नकाशात नसलेली बोडी

८ जुलै
नगरपरिषदेची सगळी माहिती आजपासून वेबसाइटवर खुली. रस्ते, नळ, दिवे, जागा. कुणीही डाउनलोड करावी. चढवली मीच, उन्हाळाभर डोळे फोडून घेत. सीओसाहेबांनी पेढे वाटले. मला अर्धा.

१५ जुलै
मच्छीमार सोसायटीचे सुक्रूभाऊ ऑफिसात. मुलीने मोबाइलवर नकाशा दाखवला म्हणे. त्यांच्या मासोळीच्या बोडीवर, म्हणजे तळ्यावर, 'मोकळी जागा' लिहिलंय. "बोडीले मोकळी काऊन म्हणता, बाई?"
तपासलं. ड्रोनचे फोटो मे महिन्यातले. मेमध्ये बोडी कोरडीच असते. पाणी धानाला जातं, उरलीसुरली मासोळी पकडून आरमोरीच्या बाजारात, मग तळ तापू देतात. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ड्रोन सर्व्हे करणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर बाहेरचा, त्याने विचारलं नाही. आमच्यापैकीही कुणी बोललं नाही.

२२ जुलै
साहेब म्हणाले, दुरुस्ती पुढच्या सर्व्हेत. सर्व्हे कधी? उन्हाळ्यात. पावसाळ्यात गाड्या फसतात. हसावं की डोकं आपटावं.

१० ऑगस्ट
बोडी काठोकाठ भरली. फोटो काढून दुरुस्तीच्या अर्जाला जोडला. आणि आजच कळलं, नव्या बसस्टँडसाठी जागा शोधणाऱ्यांनी आमचीच माहिती डाउनलोड करून नेमकी तीच जागा धरली. मंजूरही झाली. बघायला कुणी आलं नाही. फोन केला तर उत्तर, मॅडम, डेटा तुमचाच आहे. तीस-चाळीस घरं त्या पाण्यावर जगतात, हे कुठल्या रकान्यात भरू?

२ सप्टें.
कुणाला न विचारता वेबसाइटवर 'तलाव' करून टाकलं. नोकरी कंत्राटी, गेली तर गेली, असं सकाळी वाटत होतं. दुपारी साहेबांनी समोर बसवून पूर्ववत करायला लावलं. केलं. आईची औषधं, घरभाडं... बाथरूममध्ये जाऊन रडले. लाज वाटते.

१९ सप्टें.
खुल्या माहितीसाठी न.प.ला बक्षीस. पुन्हा पेढे. मी घेतला नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२७ सप्टें.
टिप्पर मुरूम ओतताहेत. एक कोपरा बुजला. सोसायटीच्या बायका पाळीवर, बोडीच्या बांधावर बसून. सोसायटीने मागितलेल्या स्टेसाठी कोर्टात सोमवारची तारीख. सुक्रूभाऊंना म्हटलं, मी येते, फोटो मेचे आहेत हे सांगते. नोकरीचं काय ते...
ते पाण्याकडेच बघत होते.
"सांगा, बाई. पण लवकर सांगा. तुमचा नकाशा आता बरोबर होऊन राह्यला."