भाजलेलं पुन्हा का भाजायचं?

गुरुवार, संध्याकाळ

आज अण्णा हसले. लिहूनच ठेवते.

सासूबाई गेल्यापासून माझे सासरे अण्णा इथे आखातात, अल मनखूलला आमच्याकडेच आहेत. दिवसभर बाल्कनीत बसतात, विचारलं तेवढंच बोलतात. सकाळी तर मंदारला, आपल्या मुलाला, म्हणाले, "मी साताऱ्याला परत जातो. खलास." हा इथला अरबी शब्द कुठून उचलला कोण जाणे!

दुपारी मी बिस्कॉटी बिस्किटं करत होते, त्यांच्यासाठी अंड्याऐवजी दही घालून. भाजलेल्या लांबट गोळ्याच्या तिरक्या चकत्या कापून पुन्हा ओव्हनमध्ये ठेवणार, तोच मागे अण्णा.

"भाजलेलं पुन्हा का भाजतेस?"

"कडक व्हायला. कॉफीत बुडवून खातात."

"बुडवून मऊच करायचं, तर कडक कशाला?"

इतकी वर्षं करतेय, पण खरंच, कशाला?

अण्णांनी एक चकती तशीच बाजूला ठेवायला लावली. बाकीच्या होईपर्यंत ओव्हनसमोर स्टूल टाकून बसले. मग दोन्ही प्रकार कॉफीत बुडवले. एकदाच भाजलेली चकती विरघळून तळाशी गेली, दुसरी टिकली.

"हां! म्हणून!" म्हणत अण्णा चमच्याने गाळ खात हसले. "उद्या बडीशेप घालून बघू."

उद्या? म्हणजे जाणं लांबलं का? मी बडीशेपेचा डबा काढून ठेवला.

तेवढ्यात ते म्हणाले, "ही असती ना, तर मला ओव्हनला हातसुद्धा लावू दिला नसता."

इथे आल्यापासून सासूबाईंचा विषय त्यांनी पहिल्यांदाच काढला. मी दुसरं स्टूल ओढलं आणि ऐकत बसले.